मामांनी न फोडलेला माठ

तो माठ मी फोडला. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि तिला मी माझ्या मूळव्याधीपासून सगळं सांगतो.

सुरतेत नवागामच्या आमच्या वस्तीत दरवर्षी तळ्याच्या दिवशी, म्हणजे महाडच्या तळ्याचं पाणी आपल्या माणसांनी ओंजळीत घेतलं त्या दिवशी, कार्यक्रम असतो. मांडव पडतो, निळे झेंडे लागतात, मुलं भाषणं पाठ करून येतात आणि मध्येच विसरतात. शेवटी माझ्या मामांच्या नावाने एक कोरा माठ फोडतात. उधन्याच्या यंत्रमागाच्या, लूमच्या कारखान्यात मामांनी वरच्या जातींचा माठ फोडला, त्याची ही आठवण. आधी माठ नुसता जमिनीवर आपटायचे. आता दोरीला टांगतात, डीजे लावतात, खाली पोरं नाचतात. मामा होते तोवर पहिल्या रांगेत बसायचे, आणि माठ फुटला की डोळे गच्च मिटून घ्यायचे. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला भरून आलं. मला माहीत होतं, त्यांना चांगला माठ वाया गेल्याची हळहळ वाटायची.

कारण मामा माठ फोडायला गेलेच नव्हते. ते पाणी प्यायला गेले होते.

चौऱ्याण्णवला, प्लेगच्या वर्षी, सुरत रिकामी झाली आणि मग पुन्हा भरली, त्या भरतीत मी धुळ्याकडून आलो. उतरलो मामांकडेच. आठवड्याभरात उधन्याला एका कारखान्यात काम मिळालं. तिथला मुकादम आमच्याच बाजूचा, खानदेशातला. लूम चालू असताना तिथे माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, म्हणून तो माझ्या कानाला तोंड लावून ओरडला, "गाव?" मी गाव ओरडलो. "आडनाव?" आडनाव ओरडलो. आमचं आडनाव त्यांच्यातही असतं, आमच्यातही असतं. तो खूश झाला. "म्हणजे पाटलांपैकी!"

मी मान हलवली.

लूमच्या कारखान्यात सगळं बोलणं मानेने आणि हाताने चालतं. धागा तुटला, मान. जेवायला चल, मान. तिथे मान हलवणं म्हणजे काही शपथ घेणं नव्हे, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावलं.

कारखान्यात पाण्याचे दोन माठ होते. एक आत, फळीवर, स्वच्छ फडकं बांधलेला, त्यावर लांब दांड्याचा पितळी डोया. दुसरा बाहेर, कचऱ्याच्या पोत्यांशेजारी, त्याला डोया नाही, तेलाचा कापलेला डबा. आतला सगळ्यांचा. बाहेरचा आमच्या लोकांचा. दोन्ही माठ एकाच नळावरून, एकाच पाइपने, एकच वॉचमन भरायचा. कोणी विचारलंच तर मुकादम म्हणायचा, "जातपात नाही हो, आता कोण मानतं! प्लेग येऊन गेला, स्वच्छता पाळावी लागते." प्लेग फक्त आमच्याच लोकांना ओळखतो, हे मला सुरतेत कळलं.

मी आतलं पाणी प्यायचो. थंड असायचं, हे कबूल करतो.

पाटील असणं मात्र फार दमवणारं काम होतं. मी मामांकडून उठून उधन्यालाच, कारखान्यातल्या पाटलांच्या पोरांच्या खोलीत राहायला गेलो, 'कामाला जवळ पडतं' म्हणून. तिथे रोज काहीतरी विचारायचे. कुळाचार काय, देवी कोणती, लग्नात देवक कसलं. एकदा मी घाबरून दोन वेगवेगळ्या दिवशी दोन वेगवेगळी देवकं सांगितली. मग आईचं आणि वडलांचं अशी वाटणी करून वेळ मारून नेली. पुढे तर मुकादमाने आपल्या साडूच्या मुलीसाठी माझी चौकशी सुरू केली. खरं कळलं असतं तर त्या खोलीतल्या पोरांनी मला जिन्यावरून खाली पाठवलं असतं, आणि जिना मध्ये न वापरता.

असं वर्षभर निभावलं. मग मामा ज्या कारखान्यात होते तो शहराबाहेर कडोदऱ्याला गेला, आणि एका सकाळी मामा आमच्याच कारखान्यात कामाला हजर झाले.

त्यांनी मला पाहिलं. मी लूमकडे पाहिलं. मुकादमाने त्यांना बाहेरचा माठ दाखवला. जाता जाता मामांची नजर माझ्या हातावर गेली. माझ्या हातात डोया होता.

मामा कामाला लागले. दुपारी माझ्या लूमजवळून जाताना एवढंच ओरडले, "बरं आहे का, पाटील?" बाजूची पोरं हसली, नव्या माणसाने मान राखला म्हणून त्यांना बरं वाटलं. तेव्हापासून मामा मला कारखान्यात पाटीलच म्हणायचे. तोंडावरची रेघही हलायची नाही.

घरी मामींनी मात्र सोडलं नाही. सुट्टीच्या दिवशी गेलो की दारातच, "ये, पाटील, ये! आमना घरनं पानी चालस का तुले?" आणि तांब्या माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवायच्या, दूर सरकवून. मग स्वतःच खो खो हसायच्या आणि ताटात भाकरीवर भाकरी वाढायच्या. मामा म्हणायचे, "अगं, पुरे कर. तो एक दिवस आपण होऊन सांगेल." घरात सगळे अहिराणी बोलायचे, पण मामा सभांमधून ऐकलेलं शुद्ध मराठी बोलायचे. मीठ मागायचं तरी 'कृपया' म्हणायचे.

त्या सभांमधूनच मामांच्या डोक्यात आलं. तळ्यावर आपली माणसं काय घेऊन गेली होती? काठ्या नाही, दगड नाही. ओंजळ. मग आपल्या कारखान्यातला माठ काय तळ्यापेक्षा मोठा आहे?

पंधरवड्याने पाळी बदलायची त्या सकाळी लूम बंद ठेवून साफसफाई व्हायची. दोन्ही पाळ्यांचे लोक हजर, कारखान्याचा गुजराती शेठही हजर. त्या सकाळी बाहेरच्या माठाची पाच माणसं आत जाणार, आतल्या माठातलं एकेक घोट पाणी पिणार, आणि परत कामाला लागणार. बस. मामांच्या अटी कडक होत्या. धुतलेला पांढरा शर्ट. घोषणा नाही. शिवी नाही. डोया होता तिथे परत ठेवायचा. "आणि माठाला तडासुद्धा जाता कामा नये," मामा मामींसमोर म्हणाले. "फोडायला अक्कल लागत नाही. माठ शाबूत राहिला पाहिजे, म्हणजे उद्याही पिता येईल." मामींनी ते दोनदा वदवून घेतलं, कारण मामांचा राग त्यांना माहीत होता.

त्याची रंगीत तालीम मामांच्या घरी झाली. मामींचा माठ स्टुलावर ठेवला. पाच जण रांगेत. पहिला वयस्कर, समोरचे दात पडलेला. त्याने डोयाभर पाणी घटाघट संपवलं आणि ढेकर दिली.

"एक घोट!" मामा ओरडले. "तहान भागवायला नाही चाललो आपण!"

"मंग कसाले चालनूत?" त्याने विचारलं.

"हक्क बजावायला."

"हक्क बजावीसन तहान भागाव नही का?"

मामांनी डोया घेऊन पुढच्याच्या हातात दिला. दुसरा इतक्या नाजूकपणे प्यायला की पाणी तोंडात गेलंच नाही. तोवर गल्लीतली पोरं रांगेत मागे उभी राहिली. त्यांना वाटलं सरबत आहे. मामींचा माठ संपला आणि नळाला पाणी संध्याकाळी यायचं होतं.

सगळे गेल्यावर मामा माझ्याकडे वळले. म्हणाले, "मला तुझ्याकडून एकच गोष्ट पाहिजे. तू माठाजवळ उभा राहा. मी आत आलो की डोया भरून माझ्या हातात दे. बाकी काही बोलू नकोस, काही सांगू नकोस, तुझं गुपित तुझ्यापाशी ठेव. पाटलाच्याच हाताने डोया दिला तर कोणी हात उचलणार नाही. सगळे गप्प बसतील." मग रिकामा माठ स्टुलावरून उतरवत म्हणाले, "एवढं खोटं पोसलंस. एक दिवस तरी ते कामाला येऊ दे."

मी मान हलवली.

इथपर्यंत मी भित्रा होतो, पण वाईट नव्हतो. खरोखर डोया द्यायचाच, असं मी ठरवलं होतं. पण गल्लीतल्या पोरांनी जे पाहिलं ते गल्लीत राहिलं नाही. पाळी बदलायच्या आदल्या दिवशी मुकादमाने मला बाजूला घेतलं. "उद्या हे लोक माठ बाटवायला येणार आहेत. मला भरवशाचा माणूस पाहिजे. बाकीची पोरं आडदांड आहेत, डोकी फुटतील, पोलीस येतील. तू शांत आहेस, घरंदाज आहेस. तू माठाजवळ उभा राहा. कोणाला हात लावू द्यायचा नाही."

अशा रीतीने दोन्ही बाजूंनी एकमताने माझी एकाच माठावर नेमणूक केली.

सकाळी मी माठाजवळ उभा राहिलो. लूम बंद होते, आणि त्या शांततेची सवय नसल्यामुळे सगळे उगाच मोठ्याने बोलत होते. मुकादम दुरून पाहून मान हलवत होता: शाबास. दारातून मामा दिसले; तेही मला माठाजवळ पाहून हलकेच मान हलवत होते: शाबास.

पाचही जण पांढऱ्या शर्टात, केसांना तेल लावून आत आले. बनियन-लुंगीतल्या त्या गर्दीत ते वराकडची मंडळी वाटत होते. शेठ कधी कामगारांच्या तोंडाकडे बघायचा नाही. त्याला वाटलं लेबर ऑफिसातून तपासणी आली. तो खुर्चीवरून उठलाच. "आवो आवो, बेसो! शुं लेशो, चा के ठंडु?" वॉचमन खुर्च्या आणायला धावला. मामा क्षणभर गोंधळले. सत्याग्रहात चहाची व्यवस्था त्यांनी धरली नव्हती. मग तो वयस्कर माणूस खुशीने हसला, आणि त्याचे पडलेले दात पाहून शेठने ओळखलं. "अल्या, आ तो आपणा ज माणस छे!"

तेवढ्या गोंधळात मामा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी हात पुढे केला. लूम चालू असताना करतो तशी खूण केली, अंगठा ओठांना: पाणी.

मागून मुकादम ओरडला, "पाटील, बघतोस काय!"

खोलीतली पोरं माझ्या दोन्ही बाजूंना आली होती. डोया माझ्या हाताशी होता. मामांचा हात पसरलेला होता. माझ्या डोक्यात त्या वेळी न्याय, समता यांतलं काहीही नव्हतं. एकच विचार होता: माठच नसला, तर प्रश्नच नाही.

मी माठ उचलला. भरलेला, फळीवरून, दोन्ही हातांनी छातीशी धरून. तोंडातून शब्द निघाले, "पाणी शिळं झालंय, बदलून आणतो." आणि मामांना वळसा घालून नळाकडे निघालो. मामा माझ्यामागे. मुकादम मामांच्या मागे. पोरं मुकादमाच्या मागे. बाकी चौघे त्यांच्याही मागे, जिथून पुढचं काही दिसत नव्हतं. कोणाला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण माठ चालला म्हणून सगळे चालले. लांबून पाहणाऱ्याला मिरवणूकच वाटली असती. मामा हलक्या आवाजात म्हणत होते, "अरे ठेव खाली. नुसता ठेव खाली. बाकी मी बघतो." मी पाय उचलला. लूमखालच्या जमिनीवर तेल असतं आणि तेलावर सुताचा कचरा. मी घसरलो, आणि माठ माझ्या आधी खाली गेला.

आवाज फार मोठा झाला नाही. पाणी मात्र खूप होतं. माठात इतकं पाणी असतं हे प्यायला घेताना कळत नाही.

मग एकदम आरडाओरड. "धक्का दिला! त्याने धक्का दिला!" हे मुकादम. पोरं मामांच्या अंगावर धावली. शेठ मध्ये पडला, तो डोकं धरून, गावाकडची भानगड इथे कशाला म्हणून ओरडत होता, "तमारा गामनी लप अहीं केम लाव्या? मारे तो कापड जोईए, कापड!" मग माझ्यासमोर उभा राहून, बोट मामांकडे करून त्याने विचारलं, "एणे धक्को मार्यो?"

लूम बंद होते. बोललेलं सगळ्यांना ऐकू गेलं असतं. तोंड उघडून 'नाही' म्हणायला काहीच अडचण नव्हती.

मी मान हलवली. होकारार्थी.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मग माझ्या खांद्यांवर हात ठेवून उभ्या असलेल्या त्या पोरांकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. शेठने त्यांना त्याच दिवशी काढलं. बाकी चौघांना ठेवलं, कारण शेठला खरंच कापड पाहिजे होतं.

या गोष्टीतला सर्वांत हास्यास्पद भाग पुढचा आहे: आम्ही जिंकलो. शेठ या लफड्याला इतका कंटाळला की त्याने दोन्ही माठ बंद करून दारात नळाची एक लोखंडी टाकी बसवली, सगळ्यांना एकच. "बधानो एक नळ. जेने पीवुं होय ते पीए, बाकीना तरस्या रहे." मुकादम दोन दिवस घरून बाटली घेऊन आला. तिसऱ्या दिवशी उकाडा वाढला आणि तो नळाला लागला. शतकांचं काम माझ्या घसरण्याने झालं. कारखान्यात ते पाणी सगळे प्यायले, मामा सोडून.

नवागामला बातमी पोचली ती अशी: मामांनी माठ फोडला, शेठला नमवलं. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. मामा वरून ओरडत होते, "मी नाही फोडला! खाली उतरवा!" लोक म्हणाले, बघा, मोठेपणा बघा. जितकं नाकारावं तितका हार जाड होत गेला. मग त्यांनी नाकारणं सोडून दिलं. लूमवर मात्र त्यांना पुन्हा कोणी घेतलं नाही. 'माठफोड्या' आला म्हटलं की उधन्यातले मुकादम फाटक लावायचे. ते रिंगरोडच्या कापड मार्केटमध्ये पाठीवर गाठोडी वाहायला लागले, आणि त्या वयात पाठ जी वाकली ती पुन्हा सरळ झाली नाही.

मी साडूच्या मुलीचं स्थळ फार जवळ आल्यावर तो कारखाना सोडला. कडोदऱ्याला काम धरलं. तिथे खरी जात सांगायची असं ठरवून गेलो होतो, आठवडाभर वाट पाहिली, कोणी विचारलंच नाही.

मामा आणि मी त्या सकाळबद्दल एकदाच बोललो. ते आजारी होते, मी पाय दाबत होतो. म्हणाले, "तुला एक सांगू? बाकीच्यांना एक घोट एक घोट सांगत होतो, पण मला त्या दिवशी खरोखर तहान लागली होती. सकाळपासून मुद्दाम प्यायलो नव्हतो." मी म्हटलं, "मामा, मी सगळ्यांना सांगतो." ते म्हणाले, "आता नको. पोरांना एक गोष्ट मिळाली आहे. मी मेल्यावर बघ." त्यांनी मला सोडून दिलं, की माझ्यावर सोपवलं, हे मी तेव्हा विचारलं नाही, कारण पहिलं उत्तर मला सोयीचं होतं.

त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. दरवर्षी कार्यक्रमात मला 'प्रत्यक्ष साक्षीदार' म्हणून माइक देतात. मी सांगतो, "मामा सिंहासारखे आत शिरले." हे खोटं नाही. पुढे सांगतो, "आणि मग माठ फुटला." लोक टाळ्या वाजवतात. मी बसतो.

मामी आता थकल्या आहेत. फोडायचा माठ त्यांच्याच हाताने दोरीला बांधून घेतात. गेल्या खेपेला डीजे बंद झाल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. आता त्या मला पाटील म्हणत नाहीत.

"एक सांग माले," त्या म्हणाल्या. "त्यास्नी माले वचन दिन्हं व्हतं, फोडानं नही म्हनीसन. मंग फोडा कसा? जलमभर माना शबद कधी मोडा नही त्यास्नी. तो एकच मोडा. मी इचारं, तर नुसता हासेत. तू व्हता ना तठे?"

मी म्हटलं, "गर्दी होती, मामी. दिसलं नाही."

त्यांनी मान हलवली आणि खापऱ्या गोळा करायला उठल्या, पोरांच्या पायाला लागतील म्हणून.

म्हणजे या बाईने इतकी वर्षं आपल्या नवऱ्याला सगळ्या वस्तीसमोर मानलं, आणि मनात एका वचनापुरतं खोटं धरलं. ते खोटं त्याचं नव्हतं. हे सगळं मी लिहून काढलं, पण मामींना वाचता येत नाही, आणि लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. मामांनी वचन मोडलं नाही, माठ मी पाडला, आणि शेठने विचारलं तेव्हा मी होकार दिला, एवढी तीन वाक्यं मी मामींच्या समोर बसून, त्यांच्या भाषेत, तोंडाने बोलणं लागतो. ती अजून बोललेलो नाही.